कौसाबाई उठून गेल्या

लोक छत्रपती संभाजीनगरला लेणी बघायला जातात. मी गेले होते एका बाईला बोलतं करायला. बाई कसली, कॉम्प्युटरमधलं चित्र! पण त्या चित्रानं पाच दिवसांत माझी जी फजिती केली ती सांगून टाकलेली बरी, कारण आमच्या चिपळूणच्या मैत्रिणींचा समज असा की मी वेरूळ-अजिंठा करून आले आणि मुद्दाम फोटो दाखवत नाही. अहो, वेरूळचा रस्ता कुठल्या बाजूला जातो तेवढा बघितला. लेणी तिथंच आहेत, मी इथं आहे.

आधी जायची पाळी का आली ते सांगते. मी मेडिसिनची प्राध्यापक. सत्तावीस वर्षं रोज सकाळी वॉर्डात, पेशंटच्या खाटेशी, पोरांना शिकवते. या एका तासासाठी मी जगते म्हटलं तरी चालेल. घरी नवरा हेच म्हणतो, फक्त वेगळ्या सुरात. तर यंदा तिसऱ्या वर्षाच्या बॅचनं डीनकडे लेखी तक्रार दिली: "मॅडम कुणाचं ऐकून घेत नाहीत. आमचं नाही आणि पेशंटचंही नाही." खाली सह्या बारा. बॅचच बारा जणांची!

डीनसाहेब माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, त्यामुळे माझ्याशी बोलताना पेपरवेटकडे बघतात. पेपरवेटला म्हणाले, "मॅडम, संभाजीनगरच्या एका कॉलेजात पाच दिवसांचं प्रशिक्षण आहे. आभासी रुग्ण असतो. त्याला तपासायचं, आणि मग आपलं काय चुकलं, का चुकलं, पुन्हा करताना काय वेगळं करू, ते प्रामाणिकपणे लिहायचं. रिफ्लेक्शन. तुमचं रिफ्लेक्शन मला पाठवा, ते वाचून ठरवू."

"काय ठरवू?"

"बॅच तुमच्याकडे ठेवायची की डॉक्टर नीलेशकडे द्यायची."

नीलेश! माझाच विद्यार्थी. पहिली दोन वर्षं कानात स्टेथो उलटा घालायचा आणि पेशंटला हृदयच नाही म्हणून घाबरायचा. त्याच्या हाती माझा तास? मी बॅग भरली.

पडेगाव, रविवार

प्रवासाचं काही सांगत नाही. बस होती, ती लागली, उतरले.

आमची सोय पडेगावच्या एका गेस्ट हाऊसमध्ये होती, शहराच्या पश्चिमेला, दौलताबादच्या रस्त्यावर. मार्च नुकता लागला होता, पण हवा अशी कोरडी की धुतलेला रुमाल दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळला. आमच्याकडे तोच रुमाल दोन दिवस दमट राहतो आणि तिसऱ्या दिवशी वास मारतो. हे मला फार आवडलं. ओठ फुटले ते नाही आवडलं.

जेवायला ज्वारीची भाकरी, शेपूची भाजी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. मी भात शोधत होते. भात आला शेवटी, वाटीभर, प्रसादासारखा. समोर पांढऱ्या सफारीतले एक भरदार गृहस्थ बसले होते. डॉक्टर काकडे, लासूर स्टेशनला पंचवीस वर्षं दवाखाना. कॉलेजची मुलं महिनाभर त्यांच्याकडे खेड्यातला दवाखाना शिकायला जातात, म्हणून यांनाही प्रशिक्षणाला धाडलेलं.

"मॅडम, ठेचा घ्या की. लाजू नका."

घेतला. पुढची पाच मिनिटं मी कोणाशी बोलू शकले नाही. काकडेंनी शांतपणे चटणीवर तेल ओतून माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "व्हतंय सवयीनं. कोकणातल्या लोकांचं तोंड नारळानं नाजूक झालेलं असतं." माझं तोंड आणि नाजूक! आमच्या वॉर्डात हे वाक्य ऐकलं असतं तर नर्सा हसून पडल्या असत्या.

सोमवार

प्रशिक्षण घेणारी डॉक्टर प्रज्ञा, बत्तीस-तेहतीसची मुलगी, शांत, हसरी. माझा स्वभाव असा की शांत माणूस दिसला की मला आधी संशय येतो. तिनं पडदा सुरू केला आणि म्हणाली, "या कौसाबाई. वय अठ्ठेचाळीस, गंगापूर तालुक्यातलं गाव. माइकमध्ये बोला, त्या उत्तर देतात. पण त्यांना पटलं नाही तर त्या उठून जातात."

पडद्यावर बाकड्यावर एक बाई बसलेली. डोईवर पदर, नजर जमिनीवर. शेजारी धोतर-टोपीतला एक माणूस, भाया, म्हणजे तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. कौसाबाईचा आवाज तिथल्याच ओपीडीतल्या आया शांतामावशींचा आहे, हेही प्रज्ञानं सांगितलं. मावशी दाराशी चहाची किटली घेऊन उभ्या होत्या. अर्धी गोष्ट त्यांचीच, म्हणे. बाया डॉक्टरला काय सांगत नाहीत ते मावशींना तीस वर्षांत पाठ झालंय.

मला म्हणाले, तुम्ही सगळ्यांत सीनियर, तुम्हीच करा सुरुवात. मी पदर खोचूनच बसले.

"काय त्रास होतो?"

भाया म्हणाला, "तिला लई थकवा येतो."

"त्यांना बोलू द्या."

"ती काय बोलणार? मी सांगतो की."

बरं, सांग बाबा. साखर किती दिवस आहे? गोळ्या घेते का? "घेती की! टायमावर घेती." गोड खाते का? भात? चालायला जाते का? मी धडाधड प्रश्न टाकले, तो धडाधड उत्तरं देत गेला, कौसाबाईंनी फक्त पदर सारखा केला. रिपोर्टात साखर भलतीच वाढलेली. मी गोळीचा डोस दुप्पट केला आणि पथ्यावर एक चांगलं पाच मुद्द्यांचं व्याख्यान सुरू केलं. दुसऱ्या मुद्द्याला कौसाबाई उठल्या. पदर आवरला, चपला घातल्या आणि चालू लागल्या. मागून भाया म्हणाला, "चल, दुसरीकडं बघू."

पडद्यावर अक्षरं आली: रुग्ण निघून गेला.

खोलीत वीस डॉक्टर होते. वीसही जण एकदम खोकायला लागले.

"मशीन बिघडलंय," मी म्हटलं.

"नाही मॅडम," प्रज्ञा म्हणाली. "दर प्रशिक्षणात कुणीतरी असंच म्हणतं."

मंगळवार, आणि गुलमंडी

दुसऱ्या दिवशी मी तयारीनं गेले. रोग कळला होता ना, रोग म्हणजे भाया! सुरुवातीलाच दरडावलं, "तुम्ही बाहेर व्हा. मला बाईंशी बोलायचंय." भायानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या बांधावर गाय सोडली आहे. "आमची बाई, आन् आम्हीच बाहेर व्हायचं व्हय?" दोघंही गेले. पूर्ण मिनिटसुद्धा लागलं नाही.

काकडेंची कौसाबाई मात्र वीस मिनिटं बसली. कारण काकडे भायाशी कांद्यावर बोलत होते. पाऊस, पाटाचं पाणी, लासूरचा बाजार, सगळं झालं. भाया इतका खूश की त्यानं काकडेंना गावच्या जत्रेचं आमंत्रण दिलं. कौसाबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. काकडे घाम पुसत म्हणाले, "पण गेली तर नाय!" हा त्यांचा विजय.

संध्याकाळी आम्ही पाचसहा जण गुलमंडीला गेलो. कापडाच्या दुकानांची गर्दी, मधूनच अत्तराचा वास, दुकानदार मराठीत सुरू करून हिंदीत संपवणारे. रिक्षावाल्यानं उतरवतानाच ताकीद दिली, "मॅडम, इमरती खाए बगैर मत जाव. कसम से, जिंदगीभर याद करोगे." खाल्ली. गरम, जिलबीसारखी, पाकानं निथळणारी. तीन खाल्ल्या. साखरेच्या पेशंटला व्याख्यान देऊन दोन दिवसही झाले नव्हते, पण तिथं मला ओळखणारं होतं कोण?

होती एक अडचण. दुसऱ्या दिवशी सकाळी रिफ्लेक्शन वाचून दाखवायचं होतं आणि माझी वही कोरी. काय लिहू? माझं काही चुकलंच नव्हतं! मी काकडेंना म्हटलं, "तुमचं लिहून झालं?"

"दुपारीच. घ्या की, उतरवा. आपण काय परके आहोत का?"

हे वाचून बाहेरच्या माणसाला धक्का बसेल, पण मेडिकलला गेलेल्याला बसणार नाही. आम्ही सगळे जर्नल उतरवून डॉक्टर झालो. सीनियरचं जर्नल ज्युनियरकडे, ज्युनियरचं त्याच्या ज्युनियरकडे. आमच्या कॉलेजात बेडकाच्या हृदयाचा एक आलेख वीस वर्षं फिरत होता. बेडूक केव्हाच मेला, आलेख चालूच. उतरवताना कोणी वाचत नसतं. हात चालतो, डोकं सुट्टीवर असतं. मी इमरतीच्या दुकानातल्या टेबलावर बसून दहा मिनिटांत दोन पानं उतरवली. एवढी अक्कल वापरली की "गेलो" दिसला तिथं "गेले" केलं.

बुधवार, सकाळ

पुन्हा मीच पहिली. उभी राहिले, चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले. आवाज माझा पहिल्यापासून चांगला आहे.

"काल दिवसभर कौसाबाईंचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. आज सकाळी दाढी करता करता आरशात स्वतःकडे पाहिलं आणि मला जाणवलं..."

मी थांबले. पण तोवर शब्द बाहेर पडलेला होता.

खोकला यावेळी कोणाला आला नाही. सरळ हसले. दाराशी शांतामावशींनी किटली खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावला. मी काय करावं? बसले. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ती खरोखर जाताना मला जाणवत होती, गुडघ्यापासून.

प्रज्ञानं दुसरं नाव घेतलं. "डॉक्टर काकडे?"

काकडे उभे राहिले, वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "माझंपण तसंच आहे," म्हणाले आणि बसले.

हसू ओसरल्यावर प्रज्ञा मला एवढंच म्हणाली, "मॅडम, आपल्या विद्यार्थ्यांच्या लॉगबुकात असं काही सापडतं का हो तुम्हाला?"

"छे!" मी म्हटलं. खरं होतं ते. सापडायला आधी वाचावं लागतं. दर सत्राला सगळी लॉगबुकं माझ्या टेबलावर येतात, मी प्रत्येक पानाखाली "वाचले" लिहून सही करते. फोनवर बोलता बोलता करते. त्या पानांत कोणी दाढी केली की कोणी रडलं, मला कसं कळणार? हा विचार आला आणि माझा राग कुठं ठेवावा तेच कळेना. मग मी तो काकडेंवर ठेवला.

बुधवार, दुपार: दौलताबाद

जेवणानंतर सहल. मला जायचं नव्हतं, पण गेले नसते तर म्हणाले असते, बाई रुसल्या.

इथं एक बारीकशी गोष्ट सांगायला हवी. कॉलेजातल्या त्या मजल्यावरच्या लेडीज टॉयलेटला कुलूप होतं. चावी एका क्लार्ककडे. क्लार्क जेवायला. सकाळी विचारलं तर "आत्ताच चहाला गेले". अशा जागी बायका काय करतात? पाणी पीत नाहीत. मी सकाळी सहानंतर घोटभर पाणी प्यायले नव्हते. बाटली भरलेली होती, पर्समध्ये, मिरवायला.

दौलताबादचा किल्ला खालून बघितला तर माणसानं रचलाय की डोंगरच तासून काढलाय कळत नाही. आमच्याकडचे किल्ले समुद्राकडे तोंड करून मोकळे उभे. हा सगळा शत्रूला चकवायला. एक दार शोधावं तर दुसरं तिसरीकडेच. मधे अंधारी नावाचा बोगदा आहे, त्यात टॉर्च घेतलेला गाइड सांगत होता, शत्रू इथं आला की आपल्याच माणसांवर वार करायचा. वर वटवाघळांचा वास. मी सगळ्यांच्या पुढे. सकाळचा सूड काढायचा होता ना, पायऱ्यांवर का होईना!

अंधारीतून बाहेर उन्हात आले आणि आणखी तीसेक पायऱ्या चढल्यावर ऊन पिवळ्याचं पांढरं झालं. पुढचं आठवतंय ते असं: मी पायरीवर बसलेली, डोकं शांतामावशींच्या खांद्यावर. चहा-नाश्त्याचं बघायला त्यांना सोबत आणलेलं होतं. भोवती डॉक्टर. एकदोन नाही, अर्धा किल्ला डॉक्टर.

प्रज्ञा नाडी बघत म्हणाली, "मॅडम, काय होतंय?"

काकडे म्हणाले, "काय नाय, ऊन लागलं."

"सकाळी खाल्लं होतं?"

"खाल्लं की. पोहे. माझ्यासमोर." हेही काकडेच.

"बीपीची गोळी आहे का?"

"घेतात त्या. टायमावर."

अहो, यांना काय माहीत? तीन दिवसांची ओळख! पण माझी जीभ टाळूला चिकटलेली. मग प्रज्ञानं माझ्याकडे बघून विचारलं, "पाणी किती प्यायलात सकाळपासून?"

आणि मी म्हटलं, "भरपूर."

सत्तावन्न वर्षांची प्राध्यापक मी, पोरांना शिकवते की पेशंट खोटं का बोलतो ते शोधा, आणि नाडी हातात धरलेल्या डॉक्टरला तोंडावर खोटं सांगितलं. का? तर आठ पुरुष वाकून बघत होते. त्यांच्यासमोर लघवीचं आणि कुलपाचं रामायण लावू? मेले तरी लावणार नव्हते.

शांतामावशींनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग काकडेंना म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, गाडी पार वरपर्यंत किती येती तेवढं बघता का? त्या ड्रायव्हरला माझं कळायचं नाय. तुमचा शब्द मोडत नाय तो." काकडे छाती काढून निघाले. "आन् तुम्ही सायेब, जरा लिंबाचं बघा की. खाली टपरी हाय." अशी एकेकाला मानाची कामं वाटत त्यांनी सगळी पायरी रिकामी केली. प्रज्ञाही आपण होऊन चार पायऱ्या खाली जाऊन बसली.

मग मावशी गप्प. काही विचारलं नाही. पदरानं वारा घालत राहिल्या, मधेच समोरच्या माकडाला "हाड" केलं. एक मिनिट गेलं असेल, मला युगासारखं वाटलं. आणि मी आपणहून बोलले, "मावशी, मी सकाळपासून पाणीच नाही प्यायले. त्या कुलपामुळं."

"व्हय, ठाव हाय," मावशी म्हणाल्या. "मी बी नाय पीत. घ्या आता, ताई. इथं खालच्या अंगाला सोय हाय, मी येते संगं."

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं हुंदका देऊन रडले, देवगिरीच्या पायरीवर, माकडासमोर.

गुरुवार

तिसऱ्यांदा कौसाबाईंसमोर बसले तेव्हा खोलीतले लोक खुर्च्या पुढे ओढून बसले. फुकटची करमणूक कोण सोडतो?

"दादा," मी भायाला म्हटलं, "एवढ्या लांबून आणलंत त्यांना, तुम्ही आहात म्हणून त्या इथवर आल्या. आता एक काम करता का? हा केसपेपर खिडकीवर नेऊन शिक्का मारून आणा. तिथं समजदार माणूस लागतो."

भायानं टोपी सरळ केली. "आणतो की." आणि गेला! खोलीत कोणीतरी टाळी वाजवली, मी मागं वळून असं बघितलं की टाळी अर्ध्यातच राहिली.

मग मी गप्प बसले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत अवघड काम ते. तोंडाशी प्रश्न येत होते, मी दात आवळून धरले होते. कौसाबाई जमिनीकडे बघत होत्या, मी कौसाबाईंकडे. काकडे मागून कुजबुजले, "हँग झालं काय?" मी हात मागं करून त्यांना गप्प केलं.

शेवटी पडद्यावरून मावशींचा आवाज आला, पण कौसाबाईंचाच वाटला. "बाई, कुणाला सांगू नका. गोळी मी चुलीत टाकती."

मी म्हटलं, "हं."

"सकाळी गोळी घेतली की भूक लागती, हातपाय कापत्यात. आमच्यात बाया शेवटाला जेवत्यात. गडी जेवून, पोरं जेवून, दोन वाजत्यात. एकदा शेतात चक्कर येऊन पडले, तवापासून घेत नाय. भायांना काय सांगू, भुकेजले म्हनून?"

सोमवारी मी हिचा डोस दुप्पट केला होता. ती उठून गेली म्हणून वाचली. बसली असती, ऐकलं असतं माझं आणि दुप्पट गोळी गिळून उन्हात गेली असती, तर? चित्रातली बाई आहे हे मला ठाऊक होतं हो. पण माझ्या ओपीडीतल्या किती बायांचे डोस मी असेच वाढवून दिलेत? त्यांना तर उठून जायचीही सोय नव्हती. नंबर लावून आलेल्या.

मी गोळी बदलली. जेवणाआधी घ्यायची नाही, पहिल्या घासाबरोबर घ्यायची, जेवण दोनला तर गोळी दोनला. आणि थांबले. कौसाबाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

प्रज्ञानं दिवा लावला. दाराशी मावशी म्हणाल्या, "आता बसल्या बघा कौसाबाई," आणि चहा ओतायला लागल्या.

शुक्रवार

रिफ्लेक्शन मी गेस्ट हाऊसच्या ओट्यावर बसून लिहिलं, कोणाची वही न घेता. अडीच पानं झाली. दाढी लिहिली, इमरती लिहिल्या, कुलूप लिहिलं, "भरपूर" लिहिलं. लॉगबुकांवरच्या न वाचता केलेल्या सह्या लिहिल्या आणि तिथं हात थांबला. हे डीनकडे जाणार. हे वाचून कुठला डीन म्हणेल की हिच्याकडे बॅच ठेवा? एक वाक्य खोडलं की काम झालं असतं. नीलेशचा चेहरा दिसायला लागला, माझ्या वॉर्डात, माझ्या खाटेशी, माझ्या पोरांसमोर.

काकडे शेजारी येऊन बसले. "मॅडम, लई खरं लिहू नका. थोडकं ठेवा मागं."

"तुम्ही काय लिहिलंत?"

"या बारीला माझं मीच लिहिलं," ते म्हणाले. "पंचवीस वर्षं मी भायाशीच बोलत आलो. बाया येऊन बसून जायच्या." मी त्यांना बाटलीतलं पाणी दिलं, मीही प्यायले.

काही खोडलं नाही. प्रज्ञानं वाचलं, सही केली आणि माझ्यासमोर डीनसाहेबांना पाठवून दिलं. दोन मिनिटांत त्यांचं उत्तर आलं: "वाचले. उत्तम. बॅच तुमच्याकडेच राहील."

अडीच पानं, दोन मिनिटांत! मला हर्ष व्हायला हवा होता. झाला, थोडा. पण बराचसा संतापच आला. एवढं रक्त आटवून लिहिलं आणि या माणसानं वाचलंच नाही! मग आठवलं, "वाचले" हा शब्द त्यांनी कोणाकडून उचलला असेल, आणि गुमान बॅग भरायला घेतली.

चिपळूण

आल्या आल्या सोमवारी तास. मेल वॉर्ड, नऊ नंबरची खाट, दमा वाढलेले साठीचे एक तात्या. बारा पोरं वर्तुळ करून उभी, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर "आता काय होणार?" एका मुलीनं माहिती वाचली. खोकला अमुक दिवस, धाप तमुक दिवस, विडी दोन वर्षांपूर्वी सोडली.

मी म्हटलं, "थांब. आधी मला तुम्हाला काही सांगायचंय." आणि सांगितलं सगळं. दाढीला पोरं हसली, "भरपूर"ला हसली नाहीत. लॉगबुकांचंही सांगितलं. "तुमची तक्रार बरोबर होती," हेही म्हटलं.

पोरांआधी बोलले ते तात्या, मास्क बाजूला करून.

"बाय, तू सांगितलास म्हनून मी पन सांगतो. ह्या पोरीला मगाशी खोटाच सांगितला मी. इडी काय सुटलेली नाय."

फुप्फुसांवरचं आख्खं व्याख्यान माझ्या जिभेवर येऊन उभं राहिलं. गिळलं.

"बरं," मी म्हटलं.

तात्या थोडा वेळ चादरीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "आनखी पन हाय. पन आधी ह्यांस्नी जरा बाहेर पाठव."

बारा पोरं माझ्याकडे बघायला लागली. ज्या तासासाठी मी एवढ्या लांब जाऊन नाक कापून घेतलं, तो तास सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. मी म्हटलं, "जा रे. कँटीनला जा. आज तास नाही."

पोरं निमूट गेली. मी स्टूल ओढून बसले आणि तात्या बोलायला लागले. काय बोलले ते मात्र या प्रवासाच्या हकिकतीत येणार नाही. ते त्यांनी मला सांगितलंय.